किरकोळ

आमच्या घरात सहा खणांचे एक लोखंडी कपाट आहे. त्याला कपाट म्हणणे म्हणजे त्याचा थोडा जास्तच मान राखणे झाले. उंची छातीपर्यंत, रंग करडा, एका बाजूला पोचा आलेला, आणि पायांपैकी एक किंचित आखूड असल्यामुळे खाली पुठ्ठ्याची घडी. शहाद्याच्या एका भंगाराच्या दुकानाबाहेर, गंजलेल्या कूलरच्या आणि सायकलींच्या सांगाड्यांच्या शेजारी ते उभे होते. कुठल्याशा कार्यालयाने ते निकालात काढले असावे. प्रत्येक खणाच्या तोंडावर एक छोटी चौकट, चौकटीत पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कुण्या नेटक्या कारकुनाने वळणदार अक्षरांत लिहिलेला एकेक शब्द. वरून खाली वाचत आलो : आवक, जावक, रजा, प्रलंबित, संकीर्ण, किरकोळ.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो कपाटाच्या किमतीचा नव्हे, तर ‘संकीर्ण’ आणि ‘किरकोळ’ यांत त्या कारकुनाने नेमका कोणता भेद केला असेल, हा. भंगारवाल्याच्या दारात उभे राहून यावर आमची पाच-सात मिनिटे गंभीर चर्चा झाली. एकाचे म्हणणे, संकीर्ण म्हणजे वर्गवारीत न बसणारे आणि किरकोळ म्हणजे वर्गवारी करण्याच्या लायकीचे नसलेले. दुसरीचे म्हणणे, कारकुनाला सहावा खण रिकामा ठेवणे जिवावर आले, एवढेच. भंगारवाल्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि लोखंडाच्या वजनाच्या भावाने कपाट आमच्या गळ्यात मारले. छोट्या टेम्पोत घालून ते पुरुषोत्तमनगरला आणले. २०१४ च्या दिवाळीआधीची ही गोष्ट.

चिठ्ठ्या आम्ही बदलल्या नाहीत. हा लेख त्यांतल्या सर्वांत खालच्या चिठ्ठीविषयी आहे. पण तिथे पोचण्याआधी वाळवीचा वृत्तान्त सांगणे भाग आहे.

*

पुरुषोत्तमनगर ही शहादा तालुक्यातली, साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली वस्ती. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळीभोर जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतीही मग तिच्याबरोबर थोड्याथोड्या हलतात. जोत्याजवळ केसासारखी चीर पडते. आपल्याला ती दिसत नाही, वाळवीला बरोबर दिसते.

आमचे पहिले फडताळ आंब्याच्या फळ्यांचे होते. सागवान परवडत नव्हते आणि नव्या संसाराला आंबा चालतो असे सुताराने सांगितले होते. चालतोही, वाळवीला तर फारच चालतो. त्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात आमच्या पाच वह्या होत्या, प्रत्येकी दोनशे पानी. २००६ ते २०१० या चार वर्षांत आम्ही त्या भरल्या होत्या. त्यांत माय होती.

माय म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. लग्नानंतर सुनेनेही तिला मायच म्हणायला सुरुवात केली, कारण सासूबाई ही हाक तिच्या कानाला परकी वाटे. ती शाळेत गेली नव्हती. घरात अहिराणी बोलायची. आखाजीला माहेरी आलेल्या मुलींनी झोक्यावर म्हणायची गाणी, श्रावणात कानबाई बसवताना म्हणायची गाणी, भाद्रपदातली गुलाबाईची गाणी, हळदीची गाणी, आणि पहाटे जात्यावर बसले की आपोआप येणाऱ्या ओव्या, असा तिचा सगळा ऐवज तोंडात होता. सुट्ट्यांमध्ये आम्ही तिच्यासमोर वही घेऊन बसायचो. गाण्यांच्या जोडीला शब्दही टिपायचो. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘बठ्ठं’ म्हणजे सगळे. हे तर प्रत्येकाला ठाऊक असलेले. पण शेतातल्या अवजारांच्या लहानसहान भागांची, भाकरीच्या पिठाच्या वेगवेगळ्या अवस्थांची, रुसण्याच्या प्रकारांची तिच्याकडे जी नावे होती, ती आम्हाला कोणत्याही कोशात सापडत नव्हती. त्या वह्यांचे पुढे काहीतरी मोठे करायचे, असा आमचा संकल्प होता. प्राध्यापकांचे संकल्प कसे असतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको. परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, उजळणी वर्ग आले, मुलगी झाली; वह्या फडताळात राहिल्या.

२०१४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी खालचा कप्पा उघडला तेव्हा बाहेरून सगळे जागच्या जागी होते. वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टने शाबूत. पहिली वही उचलली तर ती अपेक्षेपेक्षा फार हलकी लागली. उघडली, तेव्हा आत पानांच्या जागी ओलसर मातीचे पदर होते आणि त्यांतून पांढुरके किडे सैरावैरा पळत होते. वाळवी वरचा पापुद्रा ठेवून आतला गाभा खाते, हे वाक्य आम्ही कधीतरी साहित्यव्यवहारावर टीका करताना उपमा म्हणून वापरलेले होते. त्या दिवशी ती उपमा राहिली नाही.

पाचपैकी तीन वह्या गेल्या. उरलेल्या दोहोंची निम्मी-निम्मी पाने वाचण्याजोगी होती, पण कडांनी खाल्लेली. ओळींची सुरुवात आहे तर शेवट नाही. आम्ही दोघांनी त्यांवरून नजर फिरवली आणि निर्णय दिला : अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी. किडे घरभर होऊ नयेत म्हणून सगळा गठ्ठा मागच्या अंगणात, जाळायच्या कचऱ्यावर टाकला. माय ओट्यावर बसून पाहत होती. ती काहीही बोलली नाही.

*

त्यानंतर लोखंडी खणांचा आम्ही ध्यास घेतला.

मराठीला साठवणीच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. कोनाडा, दिवळी, फडताळ, माळा, शिंके, उतरंड, कणगी, पेटारा, हडपा, घडवंची. आमच्या विद्यार्थ्यांना यांतले निम्मे शब्द तळटीप देऊन सांगावे लागतात. ‘खण’ तर विलक्षण शब्द आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, म्हणून घर खणांत मोजतात. चोळीचे कापड म्हणजे खण, म्हणून ओटी खणानारळाने भरतात. आणि कपाटातला आतबाहेर सरकणारा कप्पा म्हणजेही खण. घर, बाई आणि साठवण एकाच अक्षरजोडीत सामावली आहेत. वर्गात हे सांगताना आम्हाला दरवेळी आनंद होतो. एक गोष्ट मात्र वर्गात सांगायची राहून गेली होती, ती पुढे येईल.

लोखंड आपल्या घरांत शिरले ते या यादीच्या शेवटी. आधी पत्र्याची ट्रंक आली, धान्याची कोठी आली. १८९७ मध्ये कुलपांपासून धंदा सुरू करणाऱ्या गोदरेजांनी १९२३ मध्ये पोलादी कपाटे करायला घेतली, आणि पुढे मध्यमवर्गीय घरांत ‘गोदरेजचे कपाट’ हे सामान्यनाम होऊन बसले. लग्नात मिळणारे, आरसा असलेले, दागिन्यांचा चोरकप्पा असलेले ते कपाट प्रतिष्ठेची वस्तू होती. आम्ही बोलतो आहोत ते त्याच्या गरीब भावंडाविषयी : कचेऱ्यांत असायचे तसे खणांचे बुटके कपाट, ज्याला ना आरसा ना प्रतिष्ठा. नव्या सागवानी कपाटाच्या किमतीत अशी चार येतात.

भंगारातले पहिले कपाट आम्ही काचकागदाने घासले, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर करडा रंग लावला. त्याचा इतका उपयोग झाला की शहाद्यातच कोठ्या आणि पेट्या करणाऱ्या एका कारागिराकडून तीन-तीन खणांची आणखी दोन करवून घेतली. त्याने आम्हाला पत्र्याचे व्याकरण शिकवले. गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो : अठरा गेजचा पत्रा जाड, चोवीसचा पातळ, आणि घरगुती खणाला बावीस गेजचा, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, पुरतो. खणाच्या कडा आत दुमडून घ्याव्या, नाहीतर बोट कापते. तळाला मधोमध एक आडवी पट्टी मारून घ्यावी, नाहीतर कागदांच्या वजनाने वर्षभरात खणाचे पोट सुटते. खण अडू लागला तर तेल न घालता सरकपट्टीवर मेणबत्ती घासावी, कारण तेलावर धूळ बसते आणि आमच्याकडे धूळ वर्षाचे आठ महिने असते.

बाकीचे धडे आम्ही ठेचा खाऊन शिकलो. वाळवी लोखंड खात नाही. पण लोखंडावरून चालत जाते. भिंतीला टेकलेल्या पत्र्यावर मातीची नळी बांधत ती वर चढते आणि फटीतून आत शिरते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर उभे, आणि आठवड्यातून एकदा मागे बॅटरी मारून पाहणे. स्वयंपाकघरातल्या खणांत डाळी, मसाल्याची पाकिटे, सुतळी, चाळण्या, गॅसची पुस्तके असे सगळे चालते. मीठ आणि चिंच मात्र चालत नाही, एका पावसाळ्यात पत्र्याला गंज धरतो. त्या दोघी बरणीतच बऱ्या. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीजवळचा खण तव्यासारखा तापतो, त्यामुळे औषधांचे कपाट आतल्या खोलीत. कागदांच्या खणात तळाला जुने सुती कापड, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि पावसाळ्यात दर ऊन पडेल त्या दिवशी खण उघडे टाकणे. एवढे केले की पाऊण मिलिमीटर पत्रा माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो.

सहा खणांच्या कपाटाची वाटणी चिठ्ठ्यांनीच ठरवली. ‘आवक’मध्ये विजेची बिले, पत्रे, लग्नपत्रिका. ‘जावक’मध्ये विमा, कर्ज, फी, म्हणजे ज्या ज्या वाटेने पैसा घराबाहेर जातो त्या वाटा. ‘रजा’मध्ये प्रवासातले फोटो आणि तिकिटे. ‘प्रलंबित’मध्ये एकाचा अपूर्ण प्रबंध आणि दुसरीच्या अप्रकाशित कविता, कोणाचे काय ते विचारू नये. ‘संकीर्ण’ हा शब्द मुलीला इतका आवडला की त्याचा अर्थ कळण्याआधीच तो खण तिने ताब्यात घेतला. राहिला किरकोळ. सर्वांत खालचा. माय जमिनीवर बसायची, तिचा हात तिथपर्यंत सहज पोचला असता. आम्ही तिला म्हणालो, हा तुझा.

ती हसली. म्हणाली, “माले काय ठेवनं शे तठे?”

*

मला तिथे काय ठेवायचे आहे? प्रश्न खराच होता. साठ वर्षे संसार केलेल्या त्या बाईला आजवर स्वतःचा असा कप्पाच नव्हता. घरातल्या सगळ्या साठवणीची ती मालकीण होती, धान्याच्या कोठीची, लोणच्याच्या बरण्यांची, गोधड्यांच्या घडवंचीची. पण त्यांतले काहीच तिचे नव्हते. तिचे म्हणून जे होते ते पदराच्या गाठीत, उशीच्या अभ्र्यात किंवा तांदळाच्या डब्यात तळाशी. सारंगखेड्याच्या यात्रेतून सासऱ्यांनी आणलेली एक ट्रंक होती, तिच्यात जमिनीची कागदपत्रे. ‘खण’ या शब्दात घर, बाई आणि साठवण एकत्र आहेत असे वर्गात उत्साहाने सांगताना, त्या बाईला खण ओटीत मिळतो, कपाटात नाही, हे आमच्या लक्षात आले नव्हते. व्हर्जिनिया वूल्फने १९२९ मध्ये लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. खोली फार मोठी मागणी झाली. आमच्या घरात खणाचाही पत्ता नव्हता.

खणांवाचून भाषेचे काय होते, हे खरे तर आम्हाला पुस्तकांतून ठाऊक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आम्ही एम.ए.ला असताना संस्कृत महाकोशाचा विभाग पाहायला गेलो होतो. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये ते काम सुरू झाले. सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथांतून शब्द वेचून, एका शब्दाच्या एका प्रयोगाची एक चिठ्ठी, अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. ते वेचण्याचेच काम पंचवीस वर्षे चालले. कोशाचा पहिला भाग निघाला १९७६ मध्ये, आणि त्यानंतरही अनेक दशके संपादक ‘अ’ या अक्षरातच होते. त्या दालनात रांगेने उभी असलेली लोखंडी कपाटे, त्यांचे ते अरुंद खण, आणि खण ओढला की उभ्या लावलेल्या चिठ्ठ्यांची फडफड, हे आम्ही डोळे भरून पाहिले होते. तेव्हा मनात आदर दाटला तो विद्वत्तेविषयी. आज वाटते की त्या आदराचा थोडा वाटा त्या पत्र्यालाही द्यायला हवा होता. चिठ्ठी लिहिणारा माणूस कोश पूर्ण झालेला पाहणार नाही, हे त्याला माहीत असते. तो लिहितो, कारण खणावर त्याचा विश्वास असतो.

विश्वास नसला, की काय होते त्याचेही दाखले आहेत. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये काम हाती घेतले तेव्हा आपल्या अंगणात चक्क पन्हाळी पत्र्याची खोली उभारली आणि तिच्यात हजाराहून अधिक कप्पे करवून घेतले. आधीच्या लोकांनी जमवलेल्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे पोत्यांतून आल्या. एका गठ्ठ्यात उंदरांचे बिऱ्हाड होते. ‘पी-ए’पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, पण तोवर त्यांतल्या पुष्कळशा चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर तापी ओलांडून धुळ्याला जावे. आयुष्यभर गावोगाव हिंडून कागद गोळा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्याला वारले. १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले, त्यांचे कागद तिथे राहिले, आणि त्यांच्या हयातीत न छापलेला धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये त्याच मंडळाने प्रसिद्ध केला. अकरा वर्षे कागद टिकले, म्हणून कोश झाला.

आणि सर्वांत जवळची, म्हणून सर्वांत बोचणारी गोष्ट बहिणाबाईंची. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई शेतात आणि घरात काम करता करता गाणी रचत होती. मुलगा सोपानदेव कवी, म्हणून ती टिपून ठेवली गेली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. हा प्रसंग आम्ही वर्गात नेहमी एका भाग्यशाली शोधाची कथा म्हणून सांगत आलो. वाळवीनंतर ती कथा आम्हाला वेगळी दिसू लागली. त्या कथेतला नायक म्हणजे वही, आणि ती वही ज्या कोणत्या पेटीत किंवा फडताळात अखंड राहिली ती जागा. खानदेशातल्या किती घरांत अशा बाया होत्या आणि किती घरांत वह्या नव्हत्या, याचा हिशेब करायला कोणते दफ्तर नाही. आमच्या घरात तर बाईही होती आणि वहीही होती.

*

लोखंडी कपाट आल्यावर आम्ही मायसमोर पुन्हा वही उघडली. ती तयार झाली, पण पहिल्यासारखे जमले नाही. मधल्या काळात तिची दमछाक वाढली होती, काही गाणी मधेच तुटायची. जी पूर्ण झाली तीही आम्हाला आठवत होती तशी नव्हती. आखाजीच्या एका गाण्यात माहेरवाशिणींची नावे एकामागून एक येतात. त्यांच्या जागी आता आमच्या मुलीचे नाव येऊ लागले होते. पुन्हापुन्हा, प्रत्येक कडव्यात. आम्ही हळूच सांगून पाहिले की माय, आधी इथे दुसरी नावे होती. ती म्हणाली, हेच नाव आहे. आमच्यातल्या अभ्यासकाने समासात ‘पाठ भ्रष्ट’ अशी नोंद केली. ती वही ‘प्रलंबित’मध्ये गेली. खालचा खण ती कधी उघडते आणि त्यात काय ठेवते, हे आम्ही विचारले नाही. कुणाचा खण उघडून पाहू नये, हा नियम आम्हीच मुलीला घालून दिला होता.

२०२२ च्या जानेवारीत माय गेली. तेरावे झाल्यावरही कितीतरी दिवस तो खण तसाच होता. अखेर मार्चमध्ये, परीक्षांच्या आधीच्या एका रविवारी, आम्ही तिघे त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

खण शेवटच्या बोटभर अंतरात अडत होता. आत फार काही नव्हते. कापडाच्या चार पुरचुंड्या, त्यांत वालाचे, गिलक्यांचे, भोपळ्याचे आणि एका न ओळखता आलेल्या वेलीचे बी. सासऱ्यांचा एका काडीचा चष्मा. कुठल्या कुलपाची ते कळले नाही अशी एक किल्ली. मुलीने पहिलीत असताना काढलेले घराचे चित्र. आणि सर्वांत मागे, जुन्या लुगड्याच्या पट्टीत बांधलेला, कडुलिंबाचा पाला घातलेला एक गठ्ठा. पट्टी सोडली तेव्हा आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. २०१४ च्या पावसाळ्यात आम्ही कचऱ्यावर टाकलेल्या दोन वह्या. माती झटकलेली, पाने उन्हात वाळवून सपाट केलेली.

तिने त्या का ठेवल्या, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. आमच्यातल्या संशयी माणसाने एक शक्यता मांडलीही : मागच्या अंगणातला बंब ती रोज पहाटे पेटवायची, त्यासाठी तिला रद्दी लागायची, आयर्लंडच्या तबेल्यासारखेच काहीसे असेल. पण बंबाची रद्दी ती बंबाशेजारच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. आणि बंबाच्या रद्दीला कोणी कडुलिंबाचा पाला घालत नाही.

त्या गठ्ठ्यापुढे बसून आम्हाला जे वाटले त्याला लाज हा शब्द पुरेसा आहे. दोन पदव्युत्तर पदव्या, पुण्याच्या दालनात भरून आलेले ऊर, राजवाड्यांविषयीची व्याख्याने, आणि हे सगळे असताना निम्म्या पानांना निरुपयोगी ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली होती. कागद ठेवावा की टाकावा, हा घरातला निर्णय आम्ही घेतला होता, कारण लिहिता-वाचता आम्हाला येत होते. तो निर्णय एका न वाचणाऱ्या बाईने, काही न बोलता, फिरवला होता. आणि तो फिरवायला तिला लागली होती ती फक्त एक जागा, जिथे दुसऱ्या कोणाचा हात जाणार नाही. ती जागा आम्ही दिली ती सुद्धा ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी असलेली, सर्वांत खालची, उरलेली म्हणून. त्याआधी ते ओले कागद तिने कुठे लपवले असतील? त्या दिवाळीपर्यंतचे महिने? उशीच्या अभ्र्यात?

गेले काही उन्हाळे आम्ही ती पाने घेऊन बसतो. एका बाजूला खाल्लेली वही, दुसऱ्या बाजूला ‘भ्रष्ट’ पाठाची. गंमत अशी की तुटलेल्या ओळींचे शेवट पुष्कळदा नंतरच्या वहीत सापडतात, आणि नंतरच्या वहीतली गाळलेली कडवी आधीच्या वहीत. आखाजीच्या त्या गाण्यात आधी कोणाची नावे होती तेही आता कळते. ती तिच्या तीन नणंदांची आणि एका धाकट्या बहिणीची होती. त्यांतली एकही हयात नाही. गाण्यात माहेरी यायला कोणीतरी जिवंत लागते. म्हणून तिने नात घातली होती. समासातली ती नोंद आम्ही खोडली आहे. तिच्या जागी ‘पाठभेद’ असे लिहिले आहे. वर्गातही आता मौखिक परंपरा शिकवताना हे उदाहरण देतो, मायचे नाव न घेता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येतात. कोणाच्या घरी भिलोरी, कोणाच्या पावरी, कोणाच्या गुजरी, कोणाच्या अहिराणी. पूर्वी आम्ही त्यांना सांगायचो, आजीकडून गाणी लिहून घ्या. आता त्याआधी विचारतो, घरात आजीची वस्तू ठेवायची जागा कुठे आहे? बहुतेक जण गोंधळतात. एकीने उत्तर दिले की आजीची वस्तू आजीजवळच असते. मग आम्ही पत्र्याच्या कारागिराचा पत्ता देतो. तीन खणांचे छोटे कपाट एवढे महाग नसते. भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर, कडुलिंबाचा पाला. आणि कोणता खण कोणाचा, हे आधी आजीला विचारून.

बी आम्ही पेरले. वाल आणि गिलकी आली, भोपळाही आला. चौथी वेल उगवली नाही. मुलीचे म्हणणे आहे की खालच्या खणाची चिठ्ठी आता बदलावी. काय लिहावे यावर आमचे तिघांचे एकमत होत नाही, त्यामुळे त्या कारकुनाचे अक्षर अजून तिथेच आहे. खणही अजून शेवटच्या बोटभर अंतरात अडतो. सरकपट्टीला मेण लावायचे राहून गेले आहे.